लिंबाच्या रोपाची शिकवणी

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही एक पान आहात. डोळे मिटले तर पुढचं वाचायचं कसं, असं तुमच्यापैकी एकजण तरी विचारणारच. म्हणून एकच डोळा मिटा. तर तुम्ही लिंबाच्या एका वीतभर रोपावरचं अगदी शेंड्याचं, सगळ्यांत कोवळं पान आहात. तुमच्या खाली थोरली पानं आहेत. ती हिरवीगार आहेत आणि तुमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. तुम्हाला भूक लागली आहे. घरात खाऊ आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, पण कपाटाचं दार असं घट्ट बसलंय की काही केल्या उघडत नाही. तुम्हाला ओरडता येत नाही, रुसून बसता येत नाही, पाय आपटता येत नाहीत, कारण पाय मातीत रुतलेले आहेत. मग तुम्ही काय कराल? पिवळे पडाल. पान बिचारं तेवढंच करू शकतं.

आणि अशा वेळी एक म्हातारा चष्मा नाकावर सरकवून तुमच्यावर वाकतो, तुम्हाला दोन बोटांत धरून उलटंसुलटं करतो आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हणतो, "हं, आलं लक्षात."

तो म्हातारा मी. माझ्या लक्षात काहीही आलेलं नव्हतं.

रोप माझ्या नातीचं. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी थांबलेली अजून कुणी पाहिलेली नाही. तिची आई, म्हणजे माझी सून, नोकरीतल्या प्रशिक्षणासाठी वर्षभर दूरच्या शहरात गेली. निघायच्या दिवशी बॅगा दारात आणि गाडी खाली उभी असताना या मायलेकींनी स्वयंपाकघरात पिळून ठेवलेल्या लिंबाच्या बिया एका कुंडीत पुरल्या. आई म्हणाली, "मी परत येईन ना, तेव्हा याचं एक पान चुरगळायचं आणि आपण दोघींनी वास घ्यायचा." एवढं बोलून ती भराभर जिना उतरून गेली, वळून न बघता. भिंगरीनं हात धुतले नाहीत. त्या मातीच्या हातांनी ती संध्याकाळपर्यंत कुंडीजवळ बसून होती.

बियांपैकी एकच उगवली. पण काय उगवली. पहिले काही महिने रोप असं तरारून वाढलं की आल्यागेल्याला गॅलरीत नेऊन दाखवावं. दर रविवारी आईचा फोन आला की भिंगरी फोन घेऊन गॅलरीत धावायची आणि पानापानाची ओळख करून द्यायची. मग एका आठवड्यात शेंड्याचं पान पिवळट निघालं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, जणू कुणी हिरव्या पेनानं पिवळ्या कागदावर रेघा मारल्यात. त्याच्या पुढचं त्याहून पिवळं.

भिंगरी माझ्याकडे आली. "आजोबा, हे असं का झालं?"

आता मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. मुलानं प्रश्न विचारला आणि मी "माहीत नाही" म्हणालो, असं माझ्या नोकरीत घडलं नाही आणि निवृत्तीनंतर घडू देणार नव्हतो. मी म्हणालो, "सोड माझ्यावर. आई यायच्या आत तुझं रोप हिरवंगार करून देतो."

"नक्की?"

"नक्की."

मास्तरचं 'नक्की' ही फार धोकादायक वस्तू असते, मुलांनो. ती देताना काही वाटत नाही. परत घ्यायची वेळ येते तेव्हा कळतं.

इथे थोडं माझ्या शाळेविषयी सांगायला हवं, कारण पुढे ती लागणार आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत एक काळा फळा आहे. संध्याकाळी बिल्डिंगमधली सात-आठ मुलं येतात, जमिनीवर बसतात आणि मी त्यांना जे सुचेल ते शिकवतो. निवृत्त होताना शाळेनं मला घड्याळ देऊ केलं होतं. मी म्हणालो, घड्याळ नको, खडू द्या. तेव्हा भांडाराच्या माळ्यावर पडून राहिलेली जुन्या खडूंची एक अख्खी पेटी त्यांनी मला दिली, बहुधा माळा रिकामा होतोय या आनंदात. अहाहा, काय खडू. जाड, मऊ, लिहिताना पिठासारखे झरणारे. हल्लीचे खडू लिहितात कमी आणि किंचाळतात जास्त. माझ्या खडूंची पूड मात्र खोलीभर उडायची, आणि तिच्यामुळे आमच्या हिला, म्हणजे भिंगरीच्या आजीला, खोकला सुरू झाला. एक दिवस ती दारात उभी राहून म्हणाली, "या घरात एक तर तुमचा फळा राहील नाहीतर माझी छाती." त्यावर मी तोडगा काढला. फळा कोरडा पुसायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसायचा, फडकं बादलीत पिळायचं, आणि बादलीतलं पाणी वाया न घालवता गॅलरीतल्या कुंडीत ओतायचं. 'पाण्याचा एक थेंबही वाया जाता कामा नये' हे वाक्य मी मुलांकडून रोज म्हणून घ्यायचो. या तोडग्यात आरोग्य होतं, शिस्त होती, काटकसर होती. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. फळ्याची मॉनिटर अर्थातच भिंगरी.

असो. रोपाकडे वळू.

पहिलं निदान मी स्वतः केलं. ग्रंथालयातून बागकामाचं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात होतं, पानं पिवळी पडण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे नत्र कमी पडणं. नत्र म्हणजे रोपाची पोळीभाजी म्हणा. मी पहिल्याच कारणावर पुस्तक मिटलं. हा माझा स्वभाव आहे. उत्तर सापडलं की मी पान उलटत नाही. त्या संध्याकाळी मी फळ्यावर फळाभर पान काढलं, मुलांना नत्राचा धडा दिला, आणि कुंडीत सेंद्रिय खताची मूठ टाकली. भिंगरीनं फळा पुसला, पाणी कुंडीत ओतलं. आम्ही वाट बघितली.

खालची हिरवी पानं आणखी हिरवी झाली. वरची आणखी पिवळी.

तेव्हा समोरच्या दारातले औषधवाले माझ्या मदतीला आले. यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे आणि माणसाचा चेहरा बघून गोळी काढून द्यायची त्यांना सवय आहे. रोप दुकानात नेणं बरं दिसणार नाही म्हणून मी पानं खुडली, पुस्तकात दाबून सपाट केली आणि घेऊन गेलो. त्यांनी त्यातलं एक पान काउंटरवर ठेवलं, पाठीमागून बघितलं, वास घेतला आणि विचारलं, "सर, हे वरचं का खालचं?"

आता गंमत बघा. मी तीन पानं खुडली होती. एक वरचं, दोन खालची, तुलनेला. पुस्तकात ठेवताना सुबक दिसावीत म्हणून मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं लावली होती. पण रस्त्यात पुस्तक काखेतून निसटलं, आणि पडलेली पानं मी पुन्हा लावली ती घाईत. दाबून सुकल्यावर सगळीच सारखी तपकिरी पडली होती, तेव्हा आता त्यांच्यातलं कुठलं कुठलं, देव जाणे. दुकानात औषध घ्यायला आलेल्या चार लोकांदेखत मी म्हणालो, "मधलं."

"मधलं म्हणजे मॅग्नेशियम," औषधवाले म्हणाले आणि त्यांनी एका पुडीत पांढरं मीठ बांधून दिलं. घरी येऊन पुडीवर वाचलं. ते जुलाबाचं औषध होतं. म्हणजे मॅग्नेशियम त्यात असतं हे खरं, झाडांना देतात हेही खरं, पण आमची ही ते वाचून जी हसायला लागली ती तिचा खोकला उसळेपर्यंत थांबली नाही. "पोट साफ होईल बिचाऱ्याचं," ती म्हणाली. मी तिकडे दुर्लक्ष करून चमचाभर मीठ पाण्यात विरघळवलं आणि कुंडीत घातलं. संध्याकाळी मुलांना मॅग्नेशियमचा धडा. दोन पानं काढली, एक निरोगी, एक आजारी. फळा गच्च भरला. भिंगरीला तो दोनदा पुसावा लागला.

रोपाला जुलाब झाले नाहीत. पिवळेपणा मात्र शेंड्यावरून एक पायरी खाली उतरला.

हिनं त्याच वेळी सुचवलं होतं, की तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंड्या बघा, मी त्यांना उरलेला चहाचा चोथा घालते आणि भांडी विसळलेलं पाणी घालते, कशा झुलतायत. मी तिला अशास्त्रीय उपायांचे तोटे समजावून सांगितले. ती भाजी निवडत होती. माझं बोलणं संपलं तेव्हा भाजीही संपली होती. ती एवढंच म्हणाली, "बरं. मग तुमचं शास्त्र चालू द्या."

एव्हाना बातमी जिन्यानं वर गेली होती. वरच्या मजल्यावर एक इंजिनियर राहतात. यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं आणि जगात बिघडलेली प्रत्येक गोष्ट घट्ट आवळली की दुरुस्त होते अशी त्यांची श्रद्धा आहे. ते मला न विचारता गॅलरीत आले, रोपासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "शिरा हिरव्या, पान पिवळं, आणि तेही नवीन पान. सर, हे लोह आहे. अगदी सरळ केस."

आणि मुलांनो, त्यांचं बरोबर होतं. नीट ऐका, कारण या सगळ्या गोष्टीतलं शिकण्यासारखं एवढंच आहे. नत्र कमी पडलं की रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं, घरातली थोरली माणसं आपल्या ताटातलं लहानांना वाढतात तसं. म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. लोह मात्र असं उचलून देता येत नाही. जुन्या पानानं घेतलं ते त्याचंच राहतं. म्हणून लोह कमी पडलं की नव्या पानाचे हाल होतात. वरचं की खालचं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. पुस्तकात हे सगळं पुढच्याच पानावर दिलेलं होतं, जे मी उलटलं नव्हतं.

निदान बरोबर, उपाय मात्र इंजिनियरांच्या स्वभावाप्रमाणे. ते वर गेले आणि गंजलेल्या खिळ्यांचा डबा घेऊन आले. "लोह पाहिजे ना? हे घ्या लोह." आम्ही दोघांनी मिळून कुंडीत गोलाकार खिळे रोवले. इंजिनियर मधूनमधून हातोडीनं हलकेच ठोकतही होते. काम संपलं तेव्हा ते लिंबाचं रोप राहिलं नव्हतं. किल्ल्याच्या दारातून चुकून उगवलेलं काहीतरी दिसत होतं. भिंगरी दारात उभी राहून सगळं बघत होती. ती फिरत नव्हती. आई गेली त्या दिवसानंतर तिला इतका वेळ स्थिर मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि शास्त्रात रमलीय पोर, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी लोहाचा धडा. विषय मोठा असल्यामुळे तो तीन संध्याकाळी चालला.

रोज फळा भरायचा, रोज पुसला जायचा. आणि रोप, कुंडीभर लोखंड पायाशी असताना, अशक्त होत चाललं. मला ते व्यक्तिशः लागलं. शाळेत एखादा मुलगा सगळं शिकवूनही नापास झाला की मला असंच व्हायचं. फरक एवढाच, की मुलाला निदान विचारता यायचं, की बाबा रे, तुला नेमकं काय समजत नाही.

रविवारचे फोनही बदलले होते. भिंगरी आता फोन घेऊन गॅलरीत जात नसे. आई विचारायची, "आपलं रोप कसं आहे?" आणि फोन आपोआप वर वळायचा. सूनबाई बिचारी दर रविवारी आमचा छताचा पंखा बघायची. एकदा म्हणाली, "अगं, मला रोप दाखव की. पंखा काही वाढलेला दिसत नाही." भिंगरी म्हणाली, "आजोबा बघतायत ना त्याच्याकडे. त्यांना सगळं येतं." हे ऐकून माझी छाती फुगली, आणि लगेच कुठेतरी बारीकसं दुखलंही. रोप पिवळं पडलेलं दाखवायला पोरीला वाईट वाटतंय, असं मी समजलो. सून यायला महिना उरला होता.

म्हणून मी सरकारी मदत घ्यायचं ठरवलं. माती परीक्षण कार्यालय आमच्या घरापासून दोन बस बदलून आहे. तिथले साहेब अतिशय सज्जन होते, आणि हेच कठीण झालं, कारण उद्धट माणसावर निदान रागावता येतं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "क्षेत्र किती?"

मी हातानं दाखवलं.

त्यांनी माझ्या दोन हातांमधल्या अंतराकडे बघितलं. "एकरात सांगा."

"कुंडी आहे," मी म्हणालो.

ते म्हणाले, कुंडीसाठी वेगळी पद्धत नाही, पण पद्धत सगळ्यांना सारखीच लागू असल्यामुळे त्यांची काही हरकत नाही. शेतात नागमोडी चालत जायचं, जागोजागी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, प्रत्येक खड्ड्यातली माती घ्यायची, सगळी एकत्र करायची आणि त्यातली अर्धा किलो आणायची. मी म्हणालो, माझं शेतच वीतभर खोल आहे. ते म्हणाले, "मग सर, सगळंच घ्यावं लागेल."

मी घरी आलो. चहाचा चमचा घेतला आणि नियमाप्रमाणे कुंडीत नागमोडी खणायला सुरुवात केली. नियम कुणी बघत नसताना पाळायचे असतात, हे मी मुलांना शिकवलंय. खिळ्यांमधून वाट काढत, मुळं चुकवत (काही चुकली नाहीत), मी अर्धा किलो माती काढली. वर पांढरट थर होता, तो बुरशीचा असणार असं समजून खरवडून टाकला. रोप आता एका बाजूला कललं होतं. माती घेऊन मी पुन्हा दोन बस बदलल्या. साहेबांनी पिशवीत बोट घातलं आणि हळहळत म्हणाले, "ओली आहे, सर. ओली चालत नाही. सावलीत वाळवून आणा."

माती वर्तमानपत्रावर पसरून गॅलरीत सावलीत ठेवली आणि दुपारी जरा आडवा झालो. उठलो तेव्हा गॅलरी स्वच्छ होती. आमची ही म्हणाली, "किती घाण केली होती कुणीतरी. केर काढून टाकला."

बोलण्यासारखं बरंच होतं, पण तिनं गॅलरी खरोखर छान झाडली होती. मी चमचा घेतला आणि पुन्हा कुंडीशी बसलो. या वेळी नमुना पूर्ण होईपर्यंत रोपाच्या मुळांशी मुठीत मावेल एवढीच माती उरली. रोप पडू नये म्हणून इंजिनियरांनी त्याला खिळ्यांना सुतळीनं बांधून दिलं. आता तर ते अटकेतलं दिसत होतं. वाळलेली माती मी कार्यालयात दिली. निकाल कधी मिळेल, म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, "पेरणीच्या आधी नक्की." मी विचारलं, कुठल्या पेरणीच्या? ते प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी छताकडे बघितलं.

त्यांचंही 'नक्की' होतं. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी फार जवळीक वाटली.

परत येताना बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली आणि रस्त्यात जितकी म्हणून झाडं लागली तितकी हिरवी होती. दुभाजकावरची, धूर खाणारी, कुणीही धडा न दिलेली. एका गटाराच्या कडेला तर फुटक्या डब्यात कसलंसं रोप उगवलं होतं, ते इतकं टवटवीत होतं की मी नजर वळवली.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या जाडजूड पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. रविवार होता. मुलं सुट्टी असूनही आली होती, कारण त्यांना आता रोपाचं पुढे काय झालं ते ऐकायचं असायचं. मी खालच्या पट्टीत बोलत होतो. फळ्यावर कुंडी काढली, कुंडीत खिळे काढले, आणि सांगितलं, "बघा हं. कधीकधी मातीत लोह भरपूर असतं, तरी रोपाला ते घेता येत नाही. कपाटात खाऊ आहे, पण कपाटाला कुलूप. हे कुलूप कसलं असतं, सांगतो. मातीत चुना जास्त झाला, की लोह अडकतं. मग कितीही खिळे ठोका, काही उपयोग नाही. लिंबाला तर चुना मुळीच मानवत नाही." मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: चुना. खाली दोन रेघा मारल्या. "आता विचार करून सांगा, आपल्या गॅलरीतल्या कुंडीत चुना कुठून येईल?"

मुलांनी विचार केला. एकजण म्हणाला, भिंतीचा. एक म्हणाली, कबुतरं आणत असतील. मी भिंत बघितली, तिला तर तेलाचा रंग. कबुतरांबद्दल मी खात्री देऊ शकत नव्हतो. मी कबूल केलं की प्रश्न अवघड आहे आणि आजचा तास इथेच संपवू. मुलं उठली, चपला शोधायला लागली.

भिंगरीनं नेहमीप्रमाणे ओलं फडकं घेतलं. फळ्यावरची कुंडी पुसली, खिळे पुसले, मग टाचा उंच करून ते मोठ्या अक्षरांतलं 'चुना' पुसलं. फडकं बादलीत पिळलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. तिनं बादली उचलली, गॅलरीच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. बादलीत बघितलं. कुंडीत बघितलं. कुंडीतल्या उरल्यासुरल्या मातीवर पुन्हा तसाच पांढरट थर धरला होता.

मग तिनं वळून माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं.

"आजोबा," ती म्हणाली, "खडू कशाचा असतो?"

सांगितलं ना, मुलानं विचारलेला प्रश्न मी कधी टाळला नाही. उत्तर मला येत होतं. पेटीच्या झाकणावर छापलेलंही होतं, आणि माझ्या जुन्या खडूंच्या मऊपणाचं कौतुक करताना ते मी स्वतःच शंभर लोकांना सांगितलेलं होतं. चुनखडीचा.

मी ते मोठ्यानं म्हणालो की नाही, आठवत नाही. दाराशी चपला घालणारी मुलं मात्र एकेक करून न सांगता गेली.

मी मुलांच्या सतरंजीवर बसलो. मनात हिशेब आपोआप होत होता आणि मी तो थांबवू शकत नव्हतो. नत्राचा धडा, एक बादली. मॅग्नेशियमचा धडा, दोनदा पुसलेला फळा. लोहाचा धडा तीन संध्याकाळी. रोप का पिवळं पडतंय, हे मी जितकं मन लावून शिकवलं तितकं ते पिवळं पडलं. मी शिकवणं बंद केलं असतं तर ते आपोआप बरं झालं असतं. माझ्या आख्ख्या कारकिर्दीबद्दल इतकी परखड टीका कुठल्याही तपासनिसानं केली नव्हती.

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. सगळं तिच्या कानावर गेलं होतं. ती म्हणाली, "लोक माणसांना चुना लावतात. तुम्ही झाडाला लावलात." पण आवाज नेहमीसारखा नव्हता. आणि पाठोपाठ, "चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

भिंगरी बादली खाली ठेवून माझ्याशेजारी येऊन बसली. आम्ही दोघं पुसलेल्या फळ्याकडे बघत होतो.

"मला येत नव्हतं, भिंगरी," मी म्हणालो.

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"खिळ्यांपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "आणि आईला रोप दाखवत नव्हतीस ते? रोपाचं वाईट वाटत होतं म्हणून ना?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की एवढं सोपं गणित या मुलाला कसं येत नाही. "तसं नाही. आईला कळलं असतं ना, की तुम्हाला येत नाही."

मुलांनो, इतकी वर्षं मी शाळेत कितीतरी मुलांना सांभाळून घेतलं. गृहपाठ विसरलेल्याला दुसऱ्या दिवसाची मुदत दिली, रडवेल्याला पुढच्या बाकावर बसवलं. मलाही कुणी सांभाळून घेतंय, तेही आठवड्यामागून आठवडे, छताच्या पंख्याकडे फोन वळवून, हे मला ठाऊकच नव्हतं.

रोपाचं काय होणार, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. पुस्तकात लिहिलंय की माती पूर्ण बदलावी, साधं पाणी द्यावं आणि लोहाची विरघळणारी भुकटी मिळते ती थोडी घालावी. मग नवी पानं हिरवी येतात. आली तर. मुठीएवढ्या मातीत, सुतळीनं बांधलेलं, जुलाबाचं औषध प्यालेलं ते रोप हे सगळं सोसायला उरेल का, याबद्दल पुस्तक गप्प आहे. शेंड्याला टाचणीच्या डोक्याएवढा एक कोंब होता. तो हिरवा होता का पिवळा, हे चष्मा लावूनही मला सांगता येईना, आणि आता मी उगीच काही सांगणार नव्हतो. माती परीक्षणाचा निकाल अजून आलेला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारचा, आईचा. मी फोनकडे बघितलं, मग पंख्याकडे. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पंखा फार आवडला असता.

भिंगरीनं फोन उचलला आणि उठली. ती गॅलरीत गेली, उकिडवी बसली आणि फोन कुंडीसमोर सरळ धरला. खिळे, सुतळी, पांढरा थर, पिवळी पानं, सगळं दिसेल असा. सूनबाई अगदी हळू म्हणाली, "अगं बाई. हे कुणी केलं?"

मी सतरंजीवरून उठायला लागलो. माझ्या गुडघ्यांना वेळ लागतो. बोलायचं काय ते मी जुळवत होतो. सुरुवात नत्रापासून करावी की खोकल्यापासून, ठरत नव्हतं.

"आम्ही दोघांनी," भिंगरी म्हणाली.

मग तिनं फोन आणून माझ्या हातात दिला, दाराशी ठेवलेली पांढऱ्या पाण्याची बादली दोन्ही हातांनी उचलली, आणि कुंडीकडे न बघता, घरभर थेंब सांडत, ती सरळ मोरीत गेली. बादली उपडी केल्याचा आवाज आला. सगळं पाणी वाया गेलं.